युरोव्हिजन गाण्यासाठी जन्माला आलं नव्हतं

माझी भाची नेदरलँड्समध्ये आयंडहोव्हनला नोकरी करते. डिसेंबर २०२५ मध्ये तिचा फोन आला. "मामा, आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे गाण्याच्या स्पर्धेवरून हमरीतुमरीवर आले होते. आमच्याकडून यंदा कोणी जाणार नाही म्हणे. अरे, गाण्याच्या स्पर्धेवर देश बहिष्कार कसा टाकतो? आणि इस्रायल युरोपात कधीपासून आलं?"

ती बोलत होती ते युरोव्हिजनबद्दल. २०२६ ची स्पर्धा सत्तरावी, ठिकाण व्हिएन्ना. इस्रायलला भाग घेऊ द्यायचा असं ठरलं आणि स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया, आइसलँड या पाच देशांतल्या वाहिन्यांनी अंग काढून घेतलं. आपल्याकडच्या बातम्यांत याचा मजकूर दोन परिच्छेदांत आटोपला, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ वाढलाच. भाचीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या स्पर्धेच्या पहिल्या पंधरा वर्षांत दडलेली आहेत. म्हणून सुरुवातीपासूनच सांगतो.

स्पर्धा देशांची नाही, वाहिन्यांची

युरोव्हिजन भरवणाऱ्या संस्थेचं नाव युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन. यापुढे तिला नुसतं 'संघ' म्हणू. हा सरकारांचा संघ नाही, आणि ब्रसेल्समधल्या युरोपीय महासंघाशीही त्याचं नातं नाही. आपल्याकडे आकाशवाणी आणि दूरदर्शन आहेत तशा सार्वजनिक रेडिओ-टीव्ही संस्थांनी एकत्र येऊन केलेली ही संघटना. तिची स्थापना १९५० साली झाली. पहिल्या २३ सभासदांत ब्रिटन, फ्रान्स, इटली होतेच, पण इजिप्त, लेबनॉन, सीरिया, ट्युनिशिया आणि मोरोक्कोही होते. भूमध्य समुद्राच्या काठावरच्या देशांच्या रेडिओ लहरी एकमेकांत मिसळतात, म्हणून त्यांना एकत्र बसणं भाग होतं. इस्रायलची वाहिनीही अशीच या संघाची सभासद झाली आणि १९७३ पासून या स्पर्धेत उतरू लागली.

एवढं लक्षात घेतलं की बाकीचं समजायला सोपं जातं. स्पर्धेत गायक उभा राहतो तो वाहिनीने पाठवलेला असतो. तो त्या देशाचा नागरिक असलाच पाहिजे असं नाही. आयपीएलच्या संघात खेळाडू कुठला आहे हे कोणी विचारत नाही, तसंच हे. चिमुकल्या लक्झेंबर्गने १९६१ आणि १९६५ अशी दोनदा स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा गायक फ्रेंच होते. ग्रीसची नाना मुस्कुरी १९६३ साली लक्झेंबर्गकडून गायली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडकडून गायली एस्थर ओफारिम, आणि ती होती इस्रायलची. तिच्याकडे पुढे परत यायचं आहे.

चित्राने डोंगर ओलांडायचा कसा

आता थोडं तंत्राकडे. ते टाळून युरोव्हिजन समजत नाही, आणि मला स्वतःला हा भाग गाण्यांपेक्षाही जास्त आवडतो.

रेडिओच्या काही लहरी आकाशातून परावर्तित होऊन हजारो मैल जातात, म्हणून आपल्या आजोबांना रात्री बीबीसी ऐकू यायचं. टीव्हीचं चित्र वाहून नेणाऱ्या लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. पृथ्वीच्या गोलाईमुळे सपाट मैदानातही त्या फार लांब पोचत नाहीत. उपग्रह त्या काळी नव्हताच. माणसाने सोडलेला पहिला उपग्रह १९५७ चा, आणि टीव्हीचं चित्र अटलांटिक महासागरापार नेणारा टेलस्टार १९६२ चा. मग उपाय एकच होता. एका गडावर जाळ पेटवायचा, तो पाहून पुढच्या गडाने पेटवायचा, या इशारतीसारखा. उंच मनोऱ्यांची साखळी उभारायची आणि चित्र एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर फेकत न्यायचं. आल्प्सच्या शिखरांवर असे मनोरे उभे राहिले.

दुसरी अडचण आणखी चिवट होती. जुन्या टीव्हीवरचं चित्र आडव्या रेषांनी बनायचं. ब्रिटनमध्ये रेषा ४०५, फ्रान्समध्ये ८१९, जर्मनी, इटली, स्वित्झर्लंडमध्ये ६२५. ठिपक्यांची रांगोळी आठवा. एका घरी तेरा ठिपक्यांची रांगोळी काढायची पद्धत, शेजारी एकवीस ठिपक्यांची. या घरचं चित्र त्या घरच्या ठिपक्यांवर थेट बसणार नाही. मग अभियंत्यांनी काय केलं, तर परदेशाहून आलेलं चित्र एका पडद्यावर दाखवायचं आणि त्या पडद्यासमोर आपल्या रेषांचा कॅमेरा लावायचा. चित्र थोडं धूसर व्हायचं, पण पोचायचं.

१९५० साली फ्रान्समधल्या कॅले गावातून बीबीसीने इंग्लंडमध्ये पहिलं चित्र आणलं. जून १९५३ मध्ये राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक फ्रान्स, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीत थेट दिसला. ६ जून १९५४ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्र्यो गावचा नर्गिस फुलांचा उत्सव आठ देशांत एकाच वेळी दाखवला गेला, आणि त्यानंतर लगेच फुटबॉलचा विश्वचषक. या जोडणीला 'युरोव्हिजन' हे नाव एका ब्रिटिश पत्रकाराने आधीच देऊन ठेवलं होतं. म्हणजे युरोव्हिजन हे मुळात मनोऱ्यांच्या जाळ्याचं नाव. स्पर्धा नंतर आली.

पण मग गाणंच का?

जाळं तयार झालं. त्यातून रोज पाठवायचं काय? राज्याभिषेक काही दरवर्षी होत नाही आणि विश्वचषक चार वर्षांनी येतो. नाटक पाठवावं तर भाषा आडवी येते. इटालियन संवाद डॅनिश घरात कोणाला कळणार? गाणं मात्र शब्द न कळताही पोचतं. लताबाईंचं बंगाली गाणं आपण डोळे मिटून ऐकतोच की.

संघाच्या कार्यक्रम समितीचे प्रमुख होते स्वित्झर्लंडच्या प्रसारण संस्थेचे मार्सेल बेझाँसाँ. इटलीत १९५१ पासून सानरेमो या समुद्रकाठच्या गावी नव्या गाण्यांची स्पर्धा भरत होती आणि ती लोकप्रिय झाली होती. तोच नमुना साऱ्या युरोपसाठी वापरायचा, ही कल्पना जानेवारी १९५५ मध्ये मोनॅकोच्या बैठकीत पुढे आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोममध्ये मंजूर झाली.

युद्ध संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. ज्यांनी एकमेकांची शहरं बेचिराख केली, त्यांच्या घरांत एकाच संध्याकाळी एकच गाणं वाजणार होतं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. पण बैठकीत बसलेल्या माणसांपुढचा पहिला प्रश्न साधा होता: एवढ्या देशांत एकाच वेळी थेट प्रक्षेपण न तुटता होतं का ते पाहायचं.

लुगानो, २४ मे १९५६

दक्षिण स्वित्झर्लंडमध्ये, इटालियन बोलणाऱ्या लुगानो गावी, तलावाकाठच्या कुरसाल नाट्यगृहात पहिली स्पर्धा झाली. देश सात: नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, बेल्जियम, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, लक्झेंबर्ग, इटली. प्रत्येकाची दोन गाणी, म्हणून एकूण चौदा. मागे पूर्ण वाद्यवृंद, समोर एकट्याने गाणारा गायक. समूहगान नाही, नाच नाही. घरोघरी टीव्ही नव्हतेच, त्यामुळे बहुतेकांनी ही स्पर्धा रेडिओवर ऐकली. आपल्याकडे तर दिल्लीत प्रायोगिक दूरदर्शन सुरू व्हायलाच अजून तीन वर्षं होती, आणि मुंबईला ते १९७२ मध्ये आलं.

जिंकली यजमान देशाची लिस आसिया, गाण्याचं नाव 'रफ्रँ', म्हणजे ध्रुवपद.

परीक्षकांनी स्वतःच्याच देशाला गुण दिले तर?

रास्त शंका, आणि तेव्हा त्याला आडकाठीही नव्हती. प्रत्येक देशाने दोन परीक्षक पाठवायचे होते. ते बंद खोलीत छोट्या पडद्यावर कार्यक्रम पाहून गुण देत, आणि आपल्या देशाच्या गाण्यालाही देऊ शकत. लक्झेंबर्गचे परीक्षक आलेच नाहीत, तर त्यांच्या वतीने दोन स्विस परीक्षकांनी मतं दिली. म्हणजे यजमानांच्या हातात चौदापैकी चार मतं, आणि जिंकलं यजमानांचंच गाणं. निकालात फक्त विजेत्याचं नाव जाहीर झालं. दुसरं कोण, तिसरं कोण, कोणाला किती गुण, हे कधीच बाहेर आलं नाही.

यात लबाडी झाली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण एकांकिका स्पर्धेच्या निकालानंतर नाट्यगृहाबाहेर ज्यांनी कधी चहा प्यायला आहे, त्यांना ठाऊक आहे की गुणपत्रिका दाखवली नाही की संशय जन्मभर राहतो. आयोजकांनाही ते कळलं असावं, कारण पुढच्याच वर्षी सगळी पद्धत बदलली.

ट्रंक कॉल आणि फळा

३ मार्च १९५७, फ्रँकफर्ट. ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि डेन्मार्क आल्याने देश दहा झाले. परीक्षक आता आपापल्या देशातच बसले, प्रत्येक ठिकाणी दहा जण. प्रत्येकाच्या हातात एक मत, आणि स्वतःच्या देशाला मत द्यायला बंदी. गाणी संपल्यावर निवेदिकेने एकेका राजधानीला फोन लावायचा, तिकडून मतं सांगायची आणि ती रंगमंचावरच्या फळ्यावर सगळ्यांसमोर चढायची.

ज्यांनी ट्रंक कॉल बुक करून वाट पाहिली आहे, त्यांनाच यातला थरार कळेल. लाइन लागेल का, आवाज येईल का, पलीकडचा काय म्हणतोय ते नीट ऐकू येईल का, आणि हे सगळं लाखो लोकांसमोर. संशय दूर करायला आणलेली ही युक्ती हाच कार्यक्रमाचा सर्वांत रंगलेला भाग ठरला. मतमोजणीच्या दिवशी फेरीमागून फेरी आघाडी बदलताना आपण टीव्हीसमोरून हलत नाही, त्यातलंच हे. नेदरलँड्सची कोरी ब्रोकन ३१ मतांनी पहिली आली, दुसऱ्या आलेल्या फ्रान्सला १७ मतं.

त्याच रात्री आणखी एक भोक दिसलं. गाणं साडेतीन मिनिटांचं असावं असा नियम होता. इटलीचं गाणं पाच मिनिटांच्याही पुढे गेलं आणि ब्रिटनचं दोन मिनिटांच्या आत संपलं. पुढे तीन मिनिटांची मर्यादा आली आणि ती आजही आहे. या स्पर्धेचा कुठलाही नियम उचला, खाली एखादी फसलेली रात्र सापडते.

मग सर्वांत चांगलं गाणं जिंकतं का?

नेहमी नाही, आणि याचं सर्वांत मोठं उदाहरण अगदी सुरुवातीचं आहे. १९५८, नेदरलँड्समधलं हिल्व्हरसुम. इटलीच्या दोमेनिको मोदुन्योने 'नेल ब्लू दिपिंतो दी ब्लू' हे गाणं म्हटलं. जग ते 'व्होलारे' म्हणून ओळखतं. काही देशांत प्रक्षेपण तुटलं होतं, म्हणून ते शेवटी पुन्हा गायला लावलं. दोनदा ऐकूनही परीक्षकांनी त्याला तिसरं ठरवलं. पहिलं आलं फ्रान्सच्या आंद्रे क्लाव्होचं शांत अंगाईसारखं गाणं. पुढच्या वर्षी अमेरिकेत ग्रॅमी पुरस्कार सुरू झाले तेव्हा वर्षातली सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका आणि सर्वोत्तम गाणं हे दोन्ही पहिलेवहिले मान 'व्होलारे'ला मिळाले.

परीक्षक मूर्ख होते का? मला तसं वाटत नाही. एका संध्याकाळी दहा गाणी एकापाठोपाठ ऐकायची आणि प्रत्येकाने एकच नाव लिहायचं. अशा पद्धतीत कुणाला न खुपणारं, ओळखीचं वाटणारं गाणं पुढे सरकतं. जे गाणं दहाव्यांदा ऐकल्यावर अंगात भिनतं, त्याला ही मोजपट्टी लागू पडत नाही.

मोजपट्टी बदलत राहिली. १९६२ मध्ये प्रत्येक देशाने पहिल्या तिघांना ३, २, १ असे गुण द्यायचे असं ठरलं आणि चार देशांच्या हाती शून्य आलं. १९६३ मध्ये ५ ते १ गुण केले, तरी शून्यवाले चारच. १९६४ ते ६६ मध्ये ५, ३, १. बारा गुणांची आजची पद्धत १९७५ ची.

नॉर्वेचा फोन

आता स्वित्झर्लंडकडून गायलेल्या एस्थर ओफारिमकडे परत येऊ. १९६३, लंडन. मतं सांगण्याची एक ठरलेली रीत होती: आधी गाण्याचा क्रमांक, मग देश, मग गुण. नॉर्वेच्या माणसाने ती पाळली नाही. निवेदिका केटी बॉइलने पुन्हा सांगायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, आम्हाला शेवटी फोन करा. शेवटी फोन केला आणि मतं बदललेली निघाली. पहिल्या वेळी स्वित्झर्लंडला ३ आणि डेन्मार्कला २ सांगितले होते, आता स्वित्झर्लंडला १ आणि डेन्मार्कला ४.

अंतिम निकाल: डेन्मार्क ४२, स्वित्झर्लंड ४०. पहिले आकडे धरले असते तर बरोब्बर उलटं झालं असतं. पहिल्यांदा सांगितलेले गुण अंतिम नव्हते असा खुलासा झाला. तो खराही असेल. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला जिंकवलं, हा शब्द त्या रात्री कायमचा चिकटला. आज 'शेजारी शेजाऱ्यालाच मत देतात' म्हणून जी तक्रार होते, तिचं वय साठीच्या पुढे आहे. पुढच्या वर्षापासून संघाचा निरीक्षक प्रत्यक्ष सभागृहात बसून प्रत्येक मत तपासू लागला.

'पूर्वी यात राजकारण नव्हतं'

भाचीच्या ऑफिसातही कोणीतरी हेच म्हणालं होतं. वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं नाही.

१९६१ मध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीतला स्पेन आणि टिटोचा साम्यवादी युगोस्लाव्हिया एकाच वर्षी स्पर्धेत आले. २१ मार्च १९६४ ला कोपनहेगनच्या तिवोलीत स्पर्धा चालू असताना एक माणूस थेट रंगमंचावर चढला. त्याच्या हातातल्या फलकावर स्पेनचा फ्रँको आणि पोर्तुगालचा सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका, असं लिहिलेलं होतं. घरी बसलेल्यांना तेवढा वेळ फळा दाखवण्यात आला. पोर्तुगाल त्याच वर्षी पहिल्यांदा आला होता आणि त्याला शून्य मिळालं. जिंकली सोळा वर्षांची इटालियन मुलगी जिल्योला चिंक्वेत्ती, ४९ गुणांनी, आणि दुसऱ्या क्रमांकाला फक्त १७.

१९६८ साली स्पेनचा गायक जुआन मानुएल सेर्रात कातालान, म्हणजे स्पेनमधल्या कातालोनिया प्रांताच्या भाषेत गाण्यावर अडून बसला. फ्रँकोच्या राजवटीत ते शक्यच नव्हतं. त्याला वगळून मासिएलला पाठवलं आणि तिने ब्रिटनच्या क्लिफ रिचर्डला २९ विरुद्ध २८ असं एका मताने हरवलं. आपल्या भाषेसाठी हातातली संधी सोडणारा हा माणूस मराठी वाचकाला परका वाटू नये.

भाषेवरून दुसरा वाद उलट दिशेने झाला. सुरुवातीला भाषेचा लेखी नियमच नव्हता, सगळे आपल्या भाषेत गात म्हणून तो लागला नाही. १९६५ मध्ये स्वीडनचा इंग्वार विक्सेल इंग्रजीत गायला आणि लगेच १९६६ पासून आपापल्या भाषेचं बंधन आलं. ते १९७३ मध्ये सुटलं, १९७७ मध्ये परत लागलं आणि १९९९ मध्ये उठलं. मला ते उठल्याचं वाईट वाटतं. तीन मिनिटं फिनिश किंवा स्लोव्हेनियन कानावर पडण्याची संधी दुसरीकडे कुठे मिळते?

चार विजेते आणि पहिला बहिष्कार

मासिएल जिंकल्यामुळे १९६९ ची स्पर्धा माद्रिदला गेली. ऑस्ट्रियाने भाग घेतला नाही, आणि फ्रँकोच्या देशात गायचं नाही हे त्याचं कारण मानलं जातं. मतमोजणी संपली तेव्हा फळ्यावर स्पेन १८, ब्रिटन १८, नेदरलँड्स १८, फ्रान्स १८. बरोबरी झाली तर काय करायचं, हे नियमात लिहिलेलंच नव्हतं. तेरा वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. निवेदिकेने संघाच्या निरीक्षकाकडे वळून खात्री करून घेतली आणि चौघींना विजेत्या ठरवलं.

लोक हसले असतील, पण वाहिन्या चिडल्या. १९७० मध्ये फिनलंड, नॉर्वे, स्वीडन आणि पोर्तुगाल आलेच नाहीत, बारा देशांवर स्पर्धा भागवावी लागली. यजमानपदासाठी चिठ्ठी काढली तेव्हा अॅमस्टरडॅम आलं. जिंकली डेरीची अठरा वर्षांची डॅना. डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात, आणि डॅना गायली आयर्लंडकडून. डेरीत त्या वेळी रस्त्यांवर दंगली चालू होत्या.

तेव्हा भाचीला मी एवढंच सांगितलं की बहिष्काराला पंचावन्न वर्षांची परंपरा आहे, आणि तो देशाचं सरकार टाकत नाही, वाहिनी टाकते. वाहिनी म्हणजे लोकांच्या पैशाने चालणारी संस्था, म्हणून लोक तिच्या दारात जाऊन भांडतात. तिने विचारलं, "मग ती पहिली स्पर्धा बघायला मिळेल?"

मिळणार नाही. लुगानोचं पूर्ण चित्रण कुठेही उरलेलं नाही, कोपनहेगनचंही नाही. १९५६ चा बहुतेक आवाज आहे, आणि चित्र आहे ते शेवटच्या काही मिनिटांचं, विजेती आपलं गाणं पुन्हा गाते त्याचं. लिस आसिया त्यानंतर १९५७ आणि ५८ लाही स्पर्धेत उतरली. मग अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, पंच्याऐंशी उलटल्यावर, स्वित्झर्लंडच्या निवड फेरीत तिने नवं गाणं घेऊन पुन्हा नाव दिलं. निवड झाली नाही. पुढच्या वर्षी तिने परत प्रयत्न केला.